ऑनलाइन शाळेची तपासणी कोण करणार, आणि कोणाच्या पैशाने?



एरवी मी इथे एखादा पाठ, कविता नाहीतर गणिताचा उपक्रम घेऊन येते. आज जरा वेगळा विषय घेतला आहे. विषय पैशाचा आहे, पण आपल्या पगाराचा नाही. ठरलेला अभ्यासक्रम शाळेत खरोखर शिकवला जातो की नाही, हे बघायला सरकारला जो खर्च करावा लागतो त्याबद्दल बोलायचं आहे. आणि तेही अशा शाळेबद्दल, जिला इमारत नाही, फळा नाही, घंटा नाही.

तुम्ही म्हणाल, बाई, आमच्या वर्गखोलीचं छप्पर दुरुस्त व्हायला दोन पावसाळे जातात आणि तुम्ही कुठल्या आभासी शाळेच्या गोष्टी सांगता! पण आभासी शाळा आपल्या देशात आली आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाने, म्हणजे एनआयओएसने, २०२१ साली व्हर्च्युअल ओपन स्कूल सुरू केलं. ३१ ऑगस्ट २०२२ ला दिल्ली सरकारने आपली व्हर्च्युअल शाळा सुरू केली, नववीपासून पुढे, आणि देशातल्या कुठल्याही मुलाला तिथे प्रवेश खुला ठेवला. देशातली पहिली कोणाची यावरून तेव्हा वादही झाला. तो वाद राहू द्या. अशी शाळा निघाली की एक वाक्य हमखास ऐकू येतं : इमारत नको, बाकं नकोत, शिपाई नको, म्हणजे खर्च किती कमी! हे "खर्च कमी" प्रकरण नीट बघायचं असेल तर जिथे अशा शाळा वीस-पंचवीस वर्षं चालल्या तिथे जावं लागतं. म्हणून आज आपण अमेरिकेतल्या ओहायो राज्यात जाणार आहोत.

ओहायोची राजधानी कोलंबस. तिथे २००० साली 'इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमॉरो' नावाची शाळा निघाली. मराठीत 'उद्याचा इलेक्ट्रॉनिक वर्ग' म्हणा. सगळे तिला आद्याक्षरांवरून 'ईकॉट' म्हणत. ही चार्टर शाळा होती. चार्टर म्हणजे पैसा सरकारचा, फी नाही, पण चालवणारं मंडळ वेगळं. आपल्याकडच्या अनुदानित खासगी संस्थेच्या जवळ जाणारा प्रकार. मुलं घरी बसून संगणकावर शिकणार, शिक्षक दुसरीकडे बसून शिकवणार. राज्यभरातून कोणीही नाव घालू शकत होतं. आजारी मुलं, शाळेत छळ झालेली मुलं, दिवसा काम करणारी मोठी मुलं, लवकर आई झालेल्या मुली, अशा कितीतरी जणांना ही शाळा खरोखर हवी होती. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कोणी "ऑनलाइन शाळा म्हणजे फसवणूक" असा अर्थ काढू नये. गरज खरी होती, आणि म्हणूनच पुढे जे झालं त्याचा राग येतो.

आता पैशाची पद्धत बघा. मुलाने गावची शाळा सोडून ईकॉटमध्ये नाव घातलं की त्याच्या मूळ भागातल्या शाळांना मिळणाऱ्या राज्याच्या अनुदानातून त्याच्या नावाचे पैसे वजा होऊन तिकडे जायचे. एका मुलामागे वर्षाला साधारण सहा-सात हजार डॉलर. म्हणजे सगळं काही पटावर. पट वाढला की पैसे वाढले. इथे आपल्याला काही शिकवायला नको! संचमान्यतेच्या दिवसांत आपल्या शाळांमध्ये काय धावपळ असते ते आपण जाणतोच. एक मूल कमी पडलं तर एक शिक्षक अतिरिक्त ठरतो. पटाला पैसा किंवा पद चिकटलं की पटाची ओढ सगळ्यांनाच लागते, भल्या माणसांनाही.

पहिल्याच वर्षी इशारा मिळाला होता. राज्याच्या लेखापरीक्षणात असं निघालं की सप्टेंबर २००० च्या महिन्यासाठी शाळेने २,२७० मुलांचे पैसे घेतले होते. आणि त्या महिन्यात संगणकावर प्रवेश केलेली मुलं होती सात. छपाईची चूक नाही, सातच. पुढे काय झालं असेल? शाळा बंद? छे. शाळा वाढत वाढत पंधरा हजारांवर गेली.

हे कसं चाललं? मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो याच भागाने, म्हणून जरा थांबून सांगते.

ओहायोत चार्टर शाळेवर नजर ठेवायची जबाबदारी थेट शिक्षण विभागाची नसते. मधे एक 'स्पॉन्सर' असतो. नावाने फसू नका, तो पैसे देत नाही. उलट घेतो. तो शाळेशी करार करतो आणि त्यात शाळेने काय शिकवायचं, निकाल किती लागला पाहिजे, हिशेब कसा ठेवायचा हे लिहितो. मग त्याप्रमाणे चाललंय का हे बघायचं कामही त्याचंच. आपल्या भाषेत केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी आणि लेखाधिकारी तिन्ही एकात. ईकॉटचा स्पॉन्सर म्हणजे राज्याच्या वायव्य भागातलं एक सरकारी शैक्षणिक सेवा केंद्र होतं. या कामाबद्दल स्पॉन्सरला शाळेला मिळणाऱ्या राज्य निधीतून जास्तीत जास्त तीन टक्के घेता येतात, असा तिथला कायदा.

आता वहीत गणित मांडा. पंधरा हजार मुलं, मुलामागे साडेसहा हजार डॉलर धरले तर पावणेदहा कोटी डॉलर. त्याचे तीन टक्के म्हणजे सुमारे २९ लाख डॉलर. एवढा पैसा तपासणीला लावला तर खरोखर चांगली तपासणी होऊ शकते. शंभर मुलांमागे एक माणूस घरोघर पाठवला तरी चालेल. पण मेख अशी की हे २९ लाख पटावर अवलंबून आहेत. तपासणाऱ्याने प्रामाणिकपणे सांगितलं की निम्मी मुलं खोटी आहेत, तर त्याचे स्वतःचे पैसेही निम्मे होतात. शाळा बंद करा म्हणाला तर शून्य. केंद्रप्रमुखाचा पगार आपल्या शाळेच्या पटावर ठेवला आणि वर म्हटलं की आता निःपक्षपातीपणे भेट द्या, तर कसं होईल? एखादा स्पॉन्सर कमालीचा प्रामाणिक असेलही, पण ही रचनाच त्याच्या प्रामाणिकपणाची रोज परीक्षा घेणारी आहे.

बरं, स्पॉन्सर नीट काम करतात का हे बघायला वर शिक्षण विभाग होताच. तिथे काय झालं? २०१५ साली विभागाने स्पॉन्सरांचं मूल्यमापन सुरू केलं. त्यात ऑनलाइन शाळांचे नापास शेरे चक्क वगळले गेले. हे बाहेर आल्यावर त्या वर्षीच्या जुलैमध्ये संबंधित अधिकाऱ्याने राजीनामा दिला आणि वर्षअखेरीस कायदा कडक झाला. तोपर्यंत शाळेला पंधरा वर्षं झाली होती. आणखी एक गंमत सांगते. याच शाळेला हिशेब चोख ठेवल्याबद्दल राज्याच्या लेखापरीक्षक कार्यालयाचा पुरस्कारही मिळालेला होता. कागद व्यवस्थित होते ना! शाळासिद्धीत 'अ' श्रेणीची माहिती भरताना आपणही कधीकधी आपल्याच शाळेकडे नव्याने बघतो, तसं काहीसं.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे अभ्यासक्रमाकडे येऊ.

आपल्या शाळेत अभ्यासक्रम झाला की नाही हे बाहेरच्या माणसाला कसं कळतं? साहेब येतात, टाचणवही बघतात, मग एखाद्या मुलाला उभं करून सत्तावीसचा पाढा विचारतात. वह्या चाळतात. तपासलेल्या आहेत का, तारीख आहे का, मुलाचं अक्षर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सुधारलंय का. अर्ध्या तासात जाणत्या अधिकाऱ्याला वर्गाची नाडी कळते. या अर्ध्या तासाचा खर्च किती? मोटारसायकलचं पेट्रोल. आपण या भेटींना कितीही नावं ठेवली, तरी एवढी स्वस्त आणि बऱ्यापैकी खरी तपासणी दुसरी नाही.

ऑनलाइन शाळेत हे सगळं गळून पडतं. तिथे डोळ्यांनी दिसणारं काहीच नाही. उरतात त्या नोंदी : कोणी किती वाजता आत आलं, किती वेळ राहिलं, कुठला धडा उघडला. ओहायोच्या नियमाप्रमाणे मुलाला वर्षाला ९२० तास शिक्षण मिळायला हवं होतं. आपल्या आरटीईत पहिली ते पाचवीला ८०० आणि सहावी ते आठवीला १,००० तास आहेत, म्हणजे हिशेब आपल्यासारखाच. पण ईकॉटचं म्हणणं काय होतं बघा. कायद्यात लिहिलंय की ९२० तासांची संधी उपलब्ध करून द्या. आम्ही दिली. संगणक दिला, धडे वर ठेवले, शिक्षक बसवले. मुलाने ते तास वापरले की नाही हे मोजायचं कायद्यात कुठे लिहिलंय?

हसू येतं, पण हा युक्तिवाद राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

आणि कित्येक वर्षं सरकारची तपासणीही जवळपास तेवढीच होती. शिक्षकाने लिहून दिलं की या मुलाला ९२० तास उपलब्ध करून दिले, झालं काम. भोजनाच्या वेळी ताट समोर ठेवलं, जेवला की नाही ते त्याचं तो बघेल! आमच्या पोषण आहाराच्या रजिस्टरला तरी असं चालत नाही.

एक नियम असाही होता की मूल सलग १०५ तास विनाकारण गैरहजर राहिलं तर त्याचं नाव कमी करायचं. दिवसाला पाच तास धरले तर १०५ तास म्हणजे शाळेचे एकवीस दिवस. म्हणजे तिसऱ्या आठवड्यात एकदा संगणक उघडला तरी मोजणी पुन्हा शून्यापासून. एका शिक्षकाकडे कमाल १२५ मुलं चालतात असंही तिथल्या कायद्यात होतं. आपल्याकडे पाचवीपर्यंत तीस मुलांना एक शिक्षक, आणि तीसमध्येही मागच्या बाकावरचं मूल निसटतं. १२५ मध्ये कोण कुठे अडकलंय हे त्या बिचाऱ्या शिक्षकाला कळणार कसं? तिथेही शेकडो शिक्षक नोकरी करत होते, हे विसरून चालणार नाही. त्यातले बरेच रोज फोन लावून मुलांना शोधत असणार. कोरोनात आपण तेच केलंय.

शिवाय, अभ्यासक्रमाचं सॉफ्टवेअर आणि शाळेचं व्यवस्थापन कोणाकडे होतं? शाळेचे संस्थापक विल्यम लॅगर यांच्याच दोन कंपन्यांकडे. शाळेच्या आयुष्यात त्या कंपन्यांना जवळपास वीस कोटी डॉलर मिळाले. म्हणजे धडे विकणारा तोच, धडे विकत घेणाऱ्या शाळेचा कर्ताधर्ता तोच, आणि धड्यांचा दर्जा ठरलेल्या मानकांप्रमाणे आहे का ते बघणाऱ्याला पटावर टक्का.

दर्जा तपासायला एकच गोष्ट राज्याच्या हातात खरी उरली होती, ती म्हणजे परीक्षा. ती घरी बसून नव्हे, समोरासमोर घ्यायची. मुलाच्या घरापासून पन्नास मैलांच्या आत, म्हणजे ऐंशी किलोमीटरच्या आत, परीक्षेची जागा देणं ऑनलाइन शाळांना बंधनकारक होतं. म्हणजे इमारत वाचवली खरी, पण परीक्षेसाठी जागा भाड्याने घ्या, पर्यवेक्षक नेमा, मुलांना तिथपर्यंत आणा. ज्या शाळेला भिंती नकोत तिलाही वर्षातून एकदा भिंती लागल्याच.

ऑनलाइन चार्टर शाळांत मुलं किती शिकतात याचा एक मोठा अभ्यास स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या 'क्रेडो' या संशोधन केंद्राने २०१५ मध्ये प्रसिद्ध केला होता. तो एका शाळेचा नव्हता, सतरा राज्यांतल्या शाळांचा होता. नेहमीच्या शाळेतल्या तशाच मुलांशी तुलना केली तेव्हा ऑनलाइन मुलं वाचनात ७२ दिवसांनी आणि गणितात १८० दिवसांनी मागे होती. तिथलं शाळेचं वर्षच १८० दिवसांचं. म्हणजे गणितापुरतं बोलायचं तर मूल वर्षभर शाळेतच गेलं नाही असं समजा.

शेवटी २०१६ मध्ये ओहायोच्या शिक्षण विभागाने ठरवलं की आता शिक्षकाचं प्रमाणपत्र पुरेसं नाही, मूल प्रत्यक्ष किती वेळ शिकलं त्याच्या नोंदी दाखवा. शाळा कोर्टात गेली. विभागाने मोजणी केली. शाळेचा दावा १५,३२२ मुलांचा होता. नोंदींवरून सिद्ध होऊ शकली ती ६,३१३. जवळपास सहा कोटी डॉलर परत करा असा आदेश निघाला, तेव्हाच्या भावाने चारशे कोटी रुपयांच्या आसपास. पुढच्या वर्षीच्या मोजणीत आणखी दोन कोटींच्या घरात रक्कम निघाली. आता त्या पुढच्या वर्षी शाळेने वेळ मोजणारं सॉफ्टवेअर वापरलं होतं, पण मे २०१८ च्या लेखापरीक्षणात असं आलं की माउस-कीबोर्ड न हलवता नुसता संगणक चालू ठेवलेला वेळही त्यात धरला होता. संगणक जागा, मूल झोपलेलं, हजेरी पूर्ण.

जानेवारी २०१८ मध्ये, वर्षाच्या मध्यावर, स्पॉन्सरने हात काढून घेतला आणि शाळा बंद पडली. तेव्हा तिथे सुमारे बारा हजार मुलं होती. कल्पना करा, संक्रांत झाली आहे, दहावीचं वर्ष आहे, आणि तुमची शाळाच नाही. दाखला कुठून आणायचा, झालेले गुण कोण देणार, कुठली शाळा अर्ध्या वर्षात घेणार? गावोगावच्या सरकारी शाळांनी या मुलांना सामावून घेतलं, म्हणजे ज्यांच्या अनुदानातून वर्षानुवर्षं पैसे वजा झाले त्याच शाळांनी. ऑगस्ट २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला की विभागाचं बरोबर आहे, प्रत्यक्ष सहभाग मोजता येतो. निकाल लागला तेव्हा शाळा उरली नव्हती. शाळेच्या वस्तूंचे लिलाव झाले. २०२२ साली लेखापरीक्षकांनी शाळेकडून राज्याचं येणं काढलं ते ११ कोटी ७० लाख डॉलर. अठरा वर्षांत या शाळेला सगळा मिळून सुमारे शंभर कोटी डॉलर सरकारी पैसा मिळाला होता.

आता मला सांगा, तपासणीचा खर्च वाचला की वाढला? मोजायचंच झालं तर न्यायालयाच्या फेऱ्या, वकील, विभागाच्या लोकांचे नोंदी चाळण्यात गेलेले महिने हे सगळं धरा. आणि ज्या नऊ हजार मुलांचं शिकणं सिद्धच झालं नाही, ती मुलं कुठल्याच हिशेबात धरता येत नाहीत.

फक्त ओहायोचंच असं नाही. कॅलिफोर्नियात २०१९ मध्ये 'ए-थ्री' नावाच्या ऑनलाइन चार्टर शाळांच्या साखळीवर खटला झाला. तिथे उन्हाळी खेळाच्या शिबिरांत आलेल्या मुलांची नावं पटावर घातली होती. अशा शाळांना मान्यता देणारी गावं कोणती? काही अगदी लहान, स्वतःच्या शाळेत दीडशेच्या आसपास मुलं असलेली. त्यांना देखरेखीचं शुल्क मिळत होतं. पुन्हा तोच टक्का. त्यानंतर त्या राज्याने अशा नव्या शाळांना मान्यता देणंच काही काळ थांबवलं.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेला नावं ठेवताय, आपलं काय? ठेवत नाही हो. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ आठवतंय ना? पटपडताळणी. मी तेव्हा नवी शिक्षणसेविका होते. महसूलचे लोक, वेगवेगळ्या खात्यांचे कर्मचारी, सगळे एकाच वेळी राज्यभरच्या शाळांत उतरले. मुलांच्या बोटाला शाई लावली, म्हणजे तेच मूल दुसऱ्या शाळेत पुन्हा मोजलं जाऊ नये. माझ्या वर्गातली एक पोरगी ते बोट मिरवत म्हणाली, "बाई, मी मत दिलं!" त्या तीन दिवसांत पटावरची सुमारे वीस लाख मुलं प्रत्यक्षात हजर आढळली नाहीत. त्यातली काही खरोखर गावाला, ऊसतोडीला गेलेली असतील, पण सगळी नाही. तेव्हा आम्हा शिक्षकांना फार अपमान वाटला होता. मलाही वाटला. आज विचार करते तेव्हा वाटतं, तीन दिवस सरकारी यंत्रणा लावून एवढं कळलं, ही तपासणी स्वस्तच पडली. शाईच्या बाटलीत काम झालं. ईकॉटच्या मुलांच्या बोटाला शाई लावायला कोण जाणार होतं, आणि कुठे?

माझं म्हणणं एवढंच आहे की मूल जितकं डोळ्यांआड जातं, तितकी तपासणी महाग होते. इमारतीत वाचलेल्या पैशातला मोठा वाटा तपासणीला काढून ठेवावा लागतो, आणि तो शाळेच्या पटातून कापून नव्हे, राज्याच्या तिजोरीतून सरळ द्यावा लागतो. ओहायोने वाचलेला पैसा आधी शाळेला देऊन टाकला आणि तपासणीसाठी टक्केवारी ठेवली. गडबड तिथे झाली.

पण याची दुसरी बाजूही आपल्यालाच जास्त माहीत आहे. तपासणी वाढवा म्हटलं की ती कोणाच्या डोक्यावर येते? २०२० मध्ये 'शाळा बंद पण शिक्षण सुरू' म्हणत आपण दीक्षा ॲप, सह्याद्रीवरची 'टिलीमिली', व्हॉट्सॲपवरचा 'स्वाध्याय' हे सगळं चालवलं. आणि त्याबरोबर लिंक! आज किती मुलं ऑनलाइन, किती ऑफलाइन, किती संपर्काबाहेर. सकाळी एक, दुपारी एक, रात्री नऊला "ज्यांनी भरली नाही त्यांची नावं" असा ग्रुपवर मेसेज. माझ्या वर्गात तेव्हा सव्वीस मुलं होती आणि चांगला फोन असलेली घरं नऊ. त्यातला एक फोन बापाबरोबर रोज शेतावर जायचा. मी लिंकमध्ये भरलेला आकडा खरा होता, पण त्यातून साहेबांना एवढंच कळलं की बाईंनी लिंक भरली. मुलाला वजाबाकी हातच्याची येते की नाही हे त्यात कुठेच नव्हतं. ते मला ओट्यावर बसून, मास्क लावून, वही बघितल्यावर कळलं.

हा वेळही सार्वजनिक खर्चच आहे. शिक्षकाचा दिवसाचा दीड तास माहिती भरण्यात गेला तर त्याचा पगार सरकारच देतं. फक्त तो 'तपासणी' या खात्यावर दिसत नाही, 'अध्यापन' म्हणून दिसतो. म्हणून "आम्ही तपासणीवर जास्त खर्च करत नाही" असं जेव्हा कोणी सांगतं तेव्हा मी मनात म्हणते, करता हो, आमच्या तासिकेतून करता.

फ्लोरिडा राज्यात निराळा मार्ग काढला आहे. तिथली सरकारी 'फ्लोरिडा व्हर्च्युअल स्कूल' १९९७ पासून चालते. तिला नाव नोंदवल्याचे पैसे मिळत नाहीत, मुलाने विषय यशस्वीपणे पूर्ण केला तर मिळतात. ऐकायला छान. बोगस पटाची ओढच संपली. पण मग प्रत्येकाला उत्तीर्ण करायची ओढ लागू शकते, आणि ती अडवायला पुन्हा बाहेरच्या माणसाने घेतलेली, समोरासमोरची परीक्षा लागते. त्याचा खर्च आलाच. तरी दोन्हीत निवडायचं झालं तर मी हा मार्ग निवडेन. इथे निदान मूल शिकल्याचं काहीतरी दाखवावं लागतं.

ऑनलाइन शाळा नकोत असं मी म्हणणार नाही. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचं आठवीनंतर शिक्षण थांबलं. माध्यमिक शाळा अकरा किलोमीटरवर, एसटी सकाळी एकच, आणि घरी धाकटी भावंडं. तिच्यासाठी अशी शाळा खरी झाली असती तर मला फार बरं वाटलं असतं. पण तिच्या बाबतीत 'खरी' म्हणजे काय ते मला नेमकं माहीत आहे. महिन्यातून एकदा कोणीतरी तिच्यासमोर बसून वही बघणार, वर्षातून दोनदा तिला तालुक्याच्या केंद्रावर नेऊन परीक्षा घेणार, तिचं भाडं कोणीतरी देणार, आणि पंधरा दिवस ती दिसली नाही तर कोणीतरी दार वाजवणार. या चारही गोष्टींना माणूस लागतो, आणि माणसाला पगार लागतो.

तेव्हा तुमच्या तालुक्यात कधी अशा शाळेच्या माहितीची बैठक झाली, तर सादरीकरणात सॉफ्टवेअरची चित्रं दाखवतील, ती बघा. मग हात वर करून विचारा की दार वाजवणाऱ्या माणसाचा पगार कुठल्या लेखाशीर्षाखाली धरलाय. ते काम केंद्रातल्या शिक्षकांनी करायचं आहे असं उत्तर आलं, तर ते इतिवृत्तात लिहून घ्या.